सदर गाडीपुरते मयत समजण्याबाबत

प्रति,
मा. नोंदणी अधिकारी,
वाहन नोंदणी कार्यालय,
दुसरा मजला (जिना बंद असल्यास मागच्या बाजूने).

विषय : लहान, दोन आसनी, जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीत पाव पोचवणाऱ्या गाडीचे इंजिन बसवल्यामुळे उद्भवलेल्या परिस्थितीत अर्जदारास सदर गाडीपुरते मयत समजण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा इंजिनबदलाचा मूळ अर्ज. २) त्यावरील आपल्या कार्यालयाचा आक्षेप. ३) आक्षेपावरील अर्जदाराचा खुलासा. ४) खुलाशावरील आक्षेप. ५) खिडकीवरील लिपिकांचे तोंडी मार्गदर्शन, ज्याची प्रत मिळत नाही.

माननीय महोदय, किंवा हा अर्ज वर पोचेल तेव्हा त्या खुर्चीत जे कोणी असतील ते महोदय,

१. सदर अर्जदार हा सेवानिवृत्त मुद्रितशोधक आहे. त्याने आयुष्यभर शब्दकोशांची आणि पाठ्यपुस्तकांची मुद्रिते तपासली. म्हणजे, इतरांनी खात्रीने लिहिलेल्या मजकुराकडे संशयाने पाहण्याचा त्याला पगार मिळत असे. निवृत्तीनंतर समोर मुद्रिते येईनाशी झाली, तेव्हा तो संशय त्याने स्वतःकडे वळवला. चारचौघांत बोलायची वेळ आली की त्याच्या तोंडाला कोरड पडते, आणि आपल्या कार्यालयाच्या खिडकीसमोर तर त्याचे म्हणणे त्याला स्वतःलाच पटेनासे होते. योग्य ती उत्तरे त्याला सुचतात, पण परत जाताना, जिन्यात. म्हणून हे सर्व लेखी. लेखी मजकुराच्या मध्येच निदान कोणी "आजोबा, सरका, पुढचा!" असे ओरडत नाही.

२. गाडी अर्जदाराच्या नावावर आहे. ती अर्जदाराची आहे असे म्हणणे मात्र धाडसाचे ठरेल. अर्जदारास गाडी चालवता येत नाही. गाडी चालवते ती त्याची पत्नी, जी रुग्णवाहिकेची निवृत्त चालक आहे. तिने ही गाडी एका दंतवैद्याच्या शेडमध्ये कापडाखाली झाकलेली पाहिली, कापडाचे एक टोक उचलले, आणि तिथल्या तिथे सौदा केला. दोनच माणसांची गाडी कशाला, असे अर्जदाराने भीतभीत विचारले असता ती म्हणाली, "अहो, आयुष्यभर पाठीमागे कण्हणारी माणसं घेऊन फिरले. आता मला अशी गाडी हवी, जिच्यात पाठीमागे जागाच नाही." नोंदणीच्या वेळी तिने अर्जदाराचेच नाव घालायला लावले. "तुमच्या नावावर एक तरी वेगवान गोष्ट असू दे," हे तिचे कारण. त्या दिवशी आपल्या कार्यालयातील सगळे त्यावर हसले होते. ते हसणे पुढे इतके महागात पडेल, याची तेव्हा कोणालाच कल्पना नव्हती.

३. गाडी जमिनीला इतकी लागून आहे की तीत बसताना माणूस बसतो की पडतो हे बघणाऱ्याला कळत नाही, आणि उतरताना तर प्रतिष्ठा गाडीतच ठेवून उतरावे लागते. छताचे कापड पावसात गळते आणि उन्हात आकसते. पत्नी मात्र तीत बसली की दहा वर्षांनी लहान दिसते. ती दोन बोटांनी गिअर टाकते, वळणापूर्वी मान किंचित तिरकी करते आणि शीळ घालते. अर्जदार शेजारी बसून रस्त्यावरच्या पाट्या मोठ्याने वाचतो: गावांची नावे, अंतरे, "पुढे अरुंद पूल", "टायर येथे मिळतील". त्या पाट्यांत अनेक चुका असतात. पत्नी म्हणते, "वाचा, वाचा, दुरुस्ती घरी गेल्यावर करा." अर्जदाराच्या आयुष्यातील बहुतेक सर्व प्रवास या आणि एवढ्याच प्रकारचा आहे, आणि त्याबद्दल त्याची काही तक्रार नाही.

४. एका चढावर गाडीतले पाणी उकळले आणि इंजिनाच्या ब्लॉकला तडा गेला. गाडी ज्यांच्याकडे नेली ते गॅरेजवाले अत्यंत उत्साही गृहस्थ आहेत. कोणतेही काम ते "दोन दिवसांत" करतात, आणि ते दोन दिवस संपता संपत नाहीत. त्यांनी तड्यावर वेल्डिंग केले. तडा शेजारून गेला. त्यांनी एक रामबाण लेप लावला. पाणी लेपासकट बाहेर आले. शेवटी चेन-कप्पीला टांगलेल्या त्या इंजिनाकडे बघत ते म्हणाले, "काका, याला आता दिवाणखान्यात ठेवा. वरून दोन फुलं खोचली की कुणाला कळणारसुद्धा नाही." तसेच दुसरे इंजिन मिळवण्यासाठी अर्जदाराने परदेशातील संग्राहकांना पत्रे पाठवली. हे संग्राहक मुलीच्या बापासारखे निघाले. त्यांनी गाडीची तीन पिढ्यांची चौकशी केली, मूळ रंग विचारला, आणि रंग बदललेला आहे असे कळताच पत्रव्यवहार थांबवला.

५. येथे अर्जदारास एक गोष्ट नमूद करावी लागते, जी इंजिनाशी संबंधित नाही आणि जिच्यासाठी आपल्या छापील नमुन्यात रकाना नाही. पत्नीला काचबिंदू आहे. नजर कडेकडेने कमी होत चालली आहे, म्हणजे पानाचा समास वाढत जावा आणि मजकूर आकसत जावा तशी. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तिला स्पष्ट सांगितले, "सध्या दिवसाउजेडी, ओळखीच्या रस्त्यांवर चालवायला माझी हरकत नाही. तसं लेखी देते. पण पुढच्या तपासणीला मी बहुतेक नाही म्हणणार आहे, आणि तुम्ही माझ्यावर चिडणार आहात."

"चिडणार नाही," पत्नी म्हणाली. "पण तोवर मला चालवायचीय."

अर्जदार या वेळी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचत होता. सर्वांत खालची ओळही त्याला वाचता आली, आणि त्याबद्दल त्याला फार लाज वाटली.

६. दवाखान्याच्या पायऱ्या उतरतानाच पत्नीने ठरवले की मूळ इंजिनाची वाट पाहायची नाही. जे बसेल ते बसवायचे. गॅरेजवाल्यांच्या आवारात पाव पोचवणारी एक गाडी उभी होती. तिला मागून ट्रकने धडक दिली होती. मागचा भाग घडी घातल्यासारखा झाला होता, पण पुढचे इंजिन ठणठणीत होते. ते मूळ इंजिनापेक्षा हलके होते, लहान होते, आणि पहाटे उठण्याची त्याला सवय होती. "बसतंय की!" असे गॅरेजवाले हाताच्या वितीने मोजून म्हणाले. अर्जदाराने टेपने मोजले, पुस्तकात पाहिले, पुन्हा मोजले आणि "बसावे असे वाटते" असे म्हटले. दोघेही बरोबर होते. इंजिन बसले. इंजिन ज्यावर टेकते ते फाउंडेशन नवीन करावे लागले, इंजिन आणि जुना गिअरबॉक्स यांच्या मधे एक जाड लोखंडी चकती बनवून घालावी लागली, सायलेन्सरचा पाइप स्टिअरिंगच्या दांड्याला घासत होता तो वळवून घ्यावा लागला, खालचे ऑइल चेंबर कापून पुन्हा जोडावे लागले. सर्व झाल्यावर गॅरेजवाल्यांनी अभिमानाने बॉनेट खाली घेतले, आणि ते बंद होईना. लांबी-रुंदी दोघांनीही मोजली होती. उंची प्रत्येकाने दुसऱ्यावर सोपवली होती.

"दोन शहाणे!" पत्नी म्हणाली, आणि घरी गेली. ती परत आली तेव्हा तिच्या हातात स्वयंपाकघरातले एक ॲल्युमिनियमचे पातेले होते. बॉनेटला भोक पाडून ते पातेले उपडे करून त्यावर बसवण्यात आले, कान कापण्यात आले, आणि वरून रंग देण्यात आला. आता तो उंचवटा मुळातलाच वाटतो. आपल्या निरीक्षकांनी मात्र तो नेमका ओळखला, कारण तसेच पातेले त्यांच्या घरी आहे.

७. गाडी सुरू झाली. आवाज पूर्वीचा नाही हे अर्जदारास मान्य आहे. पूर्वी ती खाकरून मग बोलत असे. आता नुसती कुजबुजते. पत्नीने तेव्हाच रस्त्यावर काढायला हवी होती, असे आज वाटते. पण ती म्हणाली, "आयुष्यभर लाल दिवे ओलांडले, पण ते परवानगीनं. नोंद होऊ दे आधी." गाडी ओढूनच घरी आणली. तेव्हापासून पत्नी रोज तीत बसते, सुरू करते, घरामागच्या आवारात भिंतीपर्यंत पुढे नेते आणि फाटकापर्यंत मागे आणते. पहिला गिअर आणि उलटा गिअर. बाकीचे गिअर या इंजिनाने अद्याप पाहिलेले नाहीत. ती शीळ घालत नाही. तेवढ्या अंतरात शीळ मावत नाही, असे ती सांगते.

८. आता अर्जदाराच्या चुकीबद्दल. इंजिनबदलाचा आपला नमुना साधा आहे, हे अर्जदार मोकळेपणाने कबूल करतो. नवे इंजिन कुठून आले ते लिहायचे, बिल जोडायचे, शेवटी छापलेल्या प्रतिज्ञेखाली सही करायची, आणि चहा थंड व्हायच्या आत शिक्का घेऊन घरी जायचे. अशी कितीतरी माणसे अर्जदाराच्या डोळ्यांदेखत गेली. परंतु त्या प्रतिज्ञेत "वरील सर्व माहिती पूर्णपणे व निःसंशय सत्य असल्याचे मी खात्रीपूर्वक नमूद करतो" असे छापले आहे. अर्जदाराने हे वाचले आणि त्याचा हात थबकला. पाव पोचवणाऱ्या गाडीच्या इंजिनाबद्दल निःसंशय असे काय सांगता येणार? त्याने "निःसंशय" व "खात्रीपूर्वक" हे दोन शब्द बारीक रेघेने खोडले, समासात "माझ्या समजुतीप्रमाणे" असे लिहिले, दुरुस्तीची खूण केली, आणि मग सही केली. चाळीस वर्षांची सवय. हात आपोआप चालला. कोणाचा अपमान करण्याचा हेतू नव्हता. उलट, दुरुस्त केलेला नमुना आपल्याला पुढच्या छपाईसाठी उपयोगी पडेल, असेही त्याच्या मनात येऊन गेले.

खिडकीवरील लिपिकांनी तो कागद उजेडात धरला. "आजोबा, तुम्ही सरकारी फॉर्म तपासलात?" त्यांनी मागे वळून सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हटले, "अहो, इकडे या, यांनी आपल्याला मार्क दिलेत!" इथवर ठीक होते. पण मग कोणीतरी गंभीर झाले, आणि प्रकरण "साधे" या कपाटातून निघून "वादग्रस्त" या कपाटात गेले. साध्या प्रकरणाला शिक्का पुरतो. वादग्रस्त प्रकरणाला प्रत्यक्ष रस्त्यावर तपासणी लागते.

घरी आल्यावर अर्जदाराने पत्नीला हे सांगितले. तिने गाडीची चावी खिळ्याला अडकवली. मग म्हणाली, "अहो, साधं होय म्हणायचं होतं. तिथेपण दुरुस्ती?" अर्जदाराने दुसऱ्या दिवशी नवा, न खोडलेला नमुना भरून नेला. तो स्वीकारण्यात आला नाही. ज्याने एकदा शंका घेतली त्याची खात्री ग्राह्य धरता येत नाही, असे सांगण्यात आले. तर्कदृष्ट्या यात खोट काढता येत नाही. अर्जदाराने प्रयत्न केला.

९. त्यानंतर आपल्या कार्यालयाने जी तत्परता दाखवली तिला तोड नाही. प्रथम असा आक्षेप आला की जुने इंजिन याच गाडीचे होते हे पडताळण्यासाठी ते चालू स्थितीत हजर करावे. चालू स्थितीत असते तर ते गाडीतच असते, हे अर्जदारास जिन्यात सुचले. त्याने तसा लेखी खुलासा केला, आणि तो मान्य झाला, याबद्दल तो ऋणी आहे. मग कळले की नवे इंजिन मालवाहू गाडीतले असल्यामुळे सदर गाडीही आता मालवाहू समजण्यात येत आहे, आणि दोन्ही दारांवर वहनक्षमता रंगवावी. अर्जदाराने रंगवून घेतली. एका दारावर आकडा आहे, दुसऱ्या दारावर रंगाऱ्याने अंक मोठे काढल्यामुळे अर्धाच आकडा मावला आहे. रस्त्यावरचे लोक आवारात डोकावून पत्नीला विचारतात, "पाव आहे का?" ती म्हणते, "संपला."

गाडी तपासणीला कशी आणायची, हा पुढचा प्रश्न. नोंद नसल्यामुळे चालवत आणता येत नाही. ओढून आणलेली गाडी मागच्या फाटकाने आत येते, आणि मागच्या फाटकाने आत आलेली गाडी भंगार समजून तिची नोंदणी रद्द होते. यावर खुद्द निरीक्षकांनीच घरी येण्याचे औदार्य दाखवले, हे अर्जदार कधीही विसरणार नाही.

१०. निरीक्षक आले. तरुण, नीटनेटके, नम्र गृहस्थ आहेत. त्यांनी चहा घेतला, पातेले ओळखले, इंजिनाचा क्रमांक ताडून पाहिला आणि समाधान व्यक्त केले. पत्नी तोवर स्टिअरिंगमागे जाऊन बसलीसुद्धा होती. "या, बसा," तिने त्यांना हाक मारली. निरीक्षकांनी दार उघडले, एक पाय आत टाकला, आणि मग पाय तसाच ठेवून त्यांनी नियम वाचला. वादग्रस्त वाहनाच्या रस्त्यावरील तपासणीत वाहनात निरीक्षक आणि नोंदणीकृत मालक या दोघांची उपस्थिती आवश्यक आहे, आणि निरीक्षकाने स्वतः वाहन चालवायचे नाही.

"मालक कोण?" त्यांनी विचारले.

अर्जदाराने हात वर केला.

"मग चालवणार कोण?"

पत्नीने हॉर्न वाजवला.

निरीक्षकांनी गाडीत पाहिले, गाडीच्या मागे पाहिले, आणि जिथे मागचे आसन असायला हवे होते तिथे जरा वेळ रोखून पाहिले. चालक एक, मालक एक, निरीक्षक एक, आसने दोन. अर्जदाराने, विनोद म्हणून नव्हे, मालक डिकीत बसल्यास चालेल का असे विचारले. निरीक्षकांनी ते टिपून घेतले. पुढे लेखी उत्तर आले की गाडी आता मालवाहू असल्याने डिकीत बसलेला मालक हा माल समजला जाईल, माल हा उपस्थित धरता येत नाही, आणि त्याला झाकण्यासाठी ताडपत्री लागेल. त्या दिवशी निरीक्षक जाताना पत्नीला म्हणाले, "मावशी, माझ्या हातात असतं तर मी लगेच सही केली असती." ती म्हणाली, "हात तर तुमचाच आहे." ते लाजले. चांगला मुलगा आहे. या अर्जामुळे त्याला त्रास होऊ नये.

११. खिडकीवरील लिपिकांनी सुचवले की मालकानेच गाडी चालवायला शिकावे. अर्जदार या वयात शिकवणीला गेला. शिकवणारे गृहस्थ धीराचे होते, पण धीरालाही सीमा असते. अर्जदार चौकात सर्वांना वाट देत असे: मोठ्यांना, लहानांना, सायकलींना. एकदा त्याने रस्त्याकडेला उभ्या असलेल्या, आत कोणीही नसलेल्या गाडीलाही वाट दिली आणि ती पुढे जाण्याची वाट पाहत थांबला. "काका, तुम्ही माणूस चांगले आहात," शिकवणारे गृहस्थ चावी काढून घेत म्हणाले, "पण रस्त्यावर नको."

मग गाडी पत्नीच्या नावावर करावी म्हणून अर्ज केला. इंजिनबदल प्रलंबित असताना मालकीबदल होत नाही. इंजिनबदल तपासणीशिवाय होत नाही, आणि तपासणी या मालकासह होत नाही. अर्जदाराने याचे आवारातल्या मातीवर काडीने चित्र काढून पाहिले. ते वर्तुळ निघाले. शब्दकोशाच्या कामात अशी वर्तुळे त्याने पाहिली होती, जिथे एका शब्दाचा अर्थ दुसरा आणि दुसऱ्याचा अर्थ पहिला दिलेला असे. तिथे तो लाल शाईने "?" करून वर पाठवत असे. इथे वर कोण आहे, हे त्याला अजून नीट कळलेले नाही. आपण असाल, अशी आशा आहे.

१२. या सर्वांतून वाट दाखवली ती लिपिकांनीच, आणि तीही सहज, डबा उघडता उघडता. "आजोबा, खरं सांगू का? मालक वारले असते ना, तर प्रश्नच नव्हता. वारसनोंद काहीही प्रलंबित असलं तरी होते. त्याच दिवशी होते. बायको मालक, बायको चालक, शेजारी साहेब. संपलं."

अर्जदाराने हे घरी येऊन सांगितले. पत्नी आवारात गाडीच्या काचा पुसत होती. एका कोपऱ्यातला डाग तिला दिसला नाही. तो तसाच राहिला. अर्जदाराने तो नंतर पुसला. ती म्हणाली, "मग वारा की जरा. तेवढ्यापुरतं." आणि हसली. मग हसणे थांबवून म्हणाली, "पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे जायचंय."

१३. सबब, अर्जदाराची मागणी पुढीलप्रमाणे आहे. ती विचित्र वाटल्यास क्षमा असावी. आपल्याच कार्यालयाच्या मार्गदर्शनातून ती निर्माण झाली आहे. सदर अर्जदारास सदर गाडीपुरते, आणि केवळ सदर गाडीपुरतेच, मयत समजण्यात यावे. या मृत्यूचा परिणाम त्याचे निवृत्तिवेतन, ग्रंथालयाचे सभासदत्व आणि रात्रीचे जेवण यांवर होऊ नये. मृत्यूचे कारण म्हणून "आसनांची कमतरता" असे लिहिल्यास अर्जदाराची हरकत नाही. साक्षीदार म्हणून गॅरेजवाले यायला तयार आहेत. अर्जदार गॅरेजमध्ये बसलेला असतो तेव्हा तो आहे हे कळतच नाही, एवढे ते शपथेवर सांगू शकतात. मृत्यूचा दाखला कोठून आणावा याविषयी अर्जदार साशंक आहे. पण संशयाचा या कार्यालयात काय उपयोग होतो हे त्याने पाहिले असल्याने, तो मुद्दा तो उपस्थित करत नाही. एवढे मात्र तो खात्रीपूर्वक नमूद करतो की पत्नीच्या डोळ्यांच्या पुढच्या तपासणीनंतर हा अर्ज मंजूर झाला तर त्याचा कोणालाही उपयोग नाही. हे वाक्य त्याने तपासले आहे. त्यात दुरुस्ती नाही.

१४. अर्ज मंजूर झाल्यास निरीक्षक पत्नीच्या शेजारी बसतील. त्यांच्या माहितीसाठी काही गोष्टी, ज्या इतर कोणाला ठाऊक असण्याचे कारण नाही. बसताना आधी पाठ टेकवावी, मग पाय आत घ्यावेत. दाराचे हँडल धरून बसू नये. तिला तो अपमान वाटतो. वळणावर डोळे मिटू नयेत, कारण ते तिला कळते. नदीकाठचा रस्ता घ्यावा. तो तिला पाठ आहे, आणि त्यावर सकाळी वर्दळ नसते. "सावकाश" हा शब्द टाळावा. बाजूने काही येत असेल तर घाबरून नव्हे, गप्पा मारल्यासारखे सांगावे: "एक सायकल आहे हं," किंवा "बाई उभ्या आहेत." आणि पाट्या वाचाव्यात. सगळ्या. तिला त्या दिसतात, निदान समोरच्या तरी दिसतात. पण कोणीतरी वाचतोय हे ऐकल्याशिवाय तिला गाडी चालल्यासारखी वाटत नाही. चुकीची पाटी दिसल्यास चुकीचीच वाचावी. ती चौथ्या गिअरमध्ये गेली आणि शीळ घालू लागली की तपासणी पूर्ण झाली असे समजावे. इंजिनाबद्दल आणखी काही कळण्यासारखे राहत नाही.

१५. अर्जदार नदीकाठी, पुलाच्या अलीकडे, कठड्यापाशी उभा असेल. तेथे गाडी थांबवून निरीक्षकांनी जागेवरच सही करावी आणि शेजारची जागा रिकामी करून द्यावी. त्यांना परत कार्यालयात जाण्यासाठी तिथून बस मिळते. अर्जदार आणि त्याची पत्नी मात्र लगेच घरी जाणार नाहीत.

कळावे.

आपला, सदर गाडी वगळता इतर सर्व बाबतींत हयात आणि नम्र,

(सही)
अर्जदार, सेवानिवृत्त मुद्रितशोधक

सोबत : तडा गेलेल्या ब्लॉकचे छायाचित्र, नव्या इंजिनाचे बिल, डॉक्टरीणबाईंचे पत्र, ज्याची मुदत त्यावरच लिहिली आहे.

दिनांक : हा अर्ज आपण ज्या दिवशी मंजूर कराल तो. कृपया या आठवड्यातला घालावा.